रीफरमध्ये द्राक्षं भरताना: पॅलेट हलू नये, हवा अडू नये

माझा पहिला हंगाम होता. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसवर कंटेनर भरून घ्यायच्या कामाला लागलो होतो. तिसऱ्या आठवड्यात बंदरावरून व्हॉट्सॲपवर फोटो आला. तपासणीसाठी सील तोडून दार उघडलं आणि शेवटच्या पॅलेटच्या वरच्या पेट्या धाडकन खाली आल्या. काँक्रीटवर फुटलेले पनेट (द्राक्षांचे छोटे प्लास्टिकचे डबे), चाकाखाली चिरडलेले मणी. ड्रायव्हरला फोन लावला तर म्हणाला, "साहेब, कसाऱ्यात टेम्पो आडवा आला, ब्रेक मारावाच लागला."

आधी मला ते पटेना. ब्रेक लागला तर माल पुढे जायला हवा, दाराकडे कसा आला? मग एका जुन्या फोर्कलिफ्टवाल्या काकांनी समजावलं. ब्रेकने पॅलेटची पट्टी सैल झाली, वरचे थर पुढे सरकले आणि गाडीने परत वेग घेताच सगळे मागे कलले. मागे अडवायला काही नव्हतंच, दाराजवळ हातभर जागा आम्ही तशीच सोडली होती. चूक आमची होती, ड्रायव्हरची नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण माझ्या रोजच्या कामाचं, म्हणजे नाशिकची द्राक्षं, ४० फुटी हायक्यूब (नेहमीपेक्षा उंच) रीफर कंटेनर (माल थंड ठेवणारं मशीन असलेला), ट्रेलरवरून न्हावा शेवा आणि पुढे जहाजाने युरोप. देशातल्या देशात रीफर गाडी भरत असाल तर आठवा मुद्दा नीट वाचा, तिथे बरंच उलटं आहे.

जवळ काय ठेवायचं

सामान: टोचून बघायचा प्रोब थर्मामीटर (आदल्या दिवशी बर्फाच्या पाण्यात घालून शून्य दाखवतो का बघून ठेवा), बॅटरी, मोजटेप, झाडू, पीपी (प्लास्टिकची) पट्टी आणि ती ताणायचं मशीन, कोपऱ्याच्या एल-पट्ट्या, जाड पुठ्ठ्याचे मोठे ताव, स्टेपलर, मधमाशीच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याचे ठोकळे, तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर, दाराला लावायचं बोल्ट सील. लाकडाचे टेकू वापरणार असाल तर त्यांच्यावर आयपीपीसीचा (लाकडातून कीड जाऊ नये म्हणून प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवाच. म्हणजे ते लाकूड बहुतेक वेळा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. शेजारच्या वखारीतून आणलेली फळी आत घातली तर युरोपात कंटेनर अडकू शकतो, द्राक्षं कितीही चांगली असली तरी.

कागद: शिपिंग लाइनची बुकिंग आणि कंटेनर रिलीज ऑर्डर, डेपोतून कंटेनर उचलतानाची पावती (त्यावर पोचे, भोकं लिहून घेतलेली असावीत), मशीनच्या पीटीआय (फेरीआधीच्या) तपासणीची नोंद, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, ॲगमार्कचं (दर्जाचं) प्रमाणपत्र, व्हीजीएम पावती (भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या एकूण वजनाची), बंदरात शिरायला फॉर्म १३. व्हीजीएम १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे, त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. त्यात पॅलेट, पट्ट्या, पुठ्ठे, टेकू सगळ्यांचं वजन धरायचं. नवखी माणसं फक्त द्राक्षांचं धरतात.

१. हवा कुठून फिरते ते आधी बघा

साध्या कंटेनरमध्ये माल हलू नये एवढंच बघायचं असतं. तिथे मोकळी जागा दिसली की भरून टाका. रीफरमध्ये तसं केलंत तर माल जागचा हलणार नाही, पण सडेल.

कंटेनरच्या जमिनीवर ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या असतात, आडव्या छेदात इंग्रजी टी अक्षरासारख्या. त्यांच्यामधल्या नाळींतून मशीनची थंड हवा दारापर्यंत जाते, पॅलेटच्या फटींतून, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे येते. म्हणजे हवेने मालातून वर जायला हवं. जिथे तिला सोपी वाट मिळेल, दोन पॅलेटमधली मोठी फट किंवा दाराजवळची उघडी जमीन, तिथूनच ती वर निघून जाते आणि मधल्या पेट्या गरम राहतात.

म्हणून इथे प्रत्येक फटीला दोन प्रश्न विचारायचे. इथून माल हलेल का? आणि इथून हवा पळेल का? काही फटी बुजवायच्या असतात, काही फक्त झाकायच्या, आणि छताखालची जागा तर मोकळीच ठेवायची. भिंतीवर वरच्या बाजूला लाल रेषा असते, तिच्यावर एक पेटीसुद्धा नको. "दोनच पेट्या उरल्यात, वर टाकून देऊ" हे वाक्य प्रत्येक हंगामात ऐकायला मिळतं. त्या दोन पेट्या घरी न्या, वाटून टाका, पण वर ठेवू नका.

२. रिकामा कंटेनर आला की स्वतः आत शिरा

पोराला पाठवू नका, स्वतः जा. बाहेरून दोन्ही दारं बंद करायला सांगा आणि अंधारात मिनिटभर उभे राहा. कुठून उजेडाची तिरीप आली तर तिथे भोक आहे किंवा दाराचं रबर फाटलंय. मग वास घ्या. आधीच्या फेरीला मासळी गेली असेल तर तो वास द्राक्षांना लागतो आणि खरेदीदाराला तो पहिल्या पेटीतच कळतो. टी-पट्ट्यांमधल्या नाळी बॅटरी मारून बघा. तिथे आधीच्या मालाचे पुठ्ठ्याचे तुकडे, थर्माकोल, कधी अख्खी फळी अडकलेली सापडते. ते काढल्याशिवाय पहिलं पॅलेट आत घालायचं नाही. पाणी जाण्याची भोकं तुंबलेली नाहीत ना, तेही बघून घ्या.

जमीन ओली असेल तर पुसून कोरडी करा. ओल्या ॲल्युमिनियमवर लाकडी पॅलेट सहज घसरतं.

मशीनवर काय आकडा लावलाय ते स्वतः वाचा आणि फोटो काढा. द्राक्षांना उणे ०.५ ते ० अंश सेल्सिअस लागतं. उणे चिन्ह राहून जाणं किंवा सेल्सिअसऐवजी फॅरेनहाइट असणं, दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलंय. ताज्या हवेची खिडकी आधीच्या मालासाठी उघडलेली तशीच राहिलेली असते. बुकिंगवर लिहिलंय तेवढीच ठेवा.

३. पॅलेट पॅकहाऊसमध्येच घट्ट झालं पाहिजे

कंटेनरमध्ये जाऊन सैल पॅलेट सुधारता येत नाही. तिथे हात घालायला जागाच नसते. रीफरच्या भिंतींत इन्सुलेशनचा फोम भरलेला असतो, त्यामुळे खिळा ठोकून, दोरी बांधून अडवणं हा पर्याय मुळातच नाही. जी काय बांधणी असेल ती पॅलेटवरच.

आपल्याकडे पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं आणि पेटी बहुतेक ६०० बाय ४०० ची. एका थरात बरोबर पाच पेट्या बसतात, एक मिलिमीटरही बाहेर न येता. पेटीची ताकद तिच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून कोपऱ्यावर कोपरा असे सरळ उभे खांब रचायचे. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवून रचलं तर दिसायला मजबूत दिसतं, पण वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या मऊ मधल्या भागावर येतो आणि आठवड्याभरात खालचे थर बसायला लागतात. हवेची भोकंही एकावर एक येत नाहीत. पॅलेटच्या कडेबाहेर पेटी दोन बोटं जरी आली तरी तेच होतं.

चारही कोपऱ्यांना खालपासून वरपर्यंत एल-पट्टी, वर झाकण म्हणून भोकं असलेला पुठ्ठा, मग आडव्या पीपी पट्ट्या. पट्टी किती ताणायची? तिच्याखाली एक बोट कष्टाने जावं, दोन जाऊ नयेत. जास्त ताणली तर ती पुठ्ठ्याला चिरते आणि प्रवासात कंपनाने त्याच चिरेतून सैल होते. सगळ्या पट्ट्या वरच्या अर्ध्या भागात मारून खालचा भाग मोकळा सोडायची सवय पोरांना असते. खालून एक पट्टी पॅलेटच्या लाकडातूनही गेली पाहिजे. नाहीतर पेट्या एकमेकींना धरून राहतात आणि सगळा मनोरा पॅलेटवरून सरकतो.

प्लास्टिकची फिल्म गुंडाळू नका. भाजीपाल्याच्या गोडाऊनमधून आलेली माणसं हे हमखास करतात. फिल्म गुंडाळलेल्या पॅलेटच्या आत हवा शिरतच नाही.

४. गरम माल म्हणजे सैल माल

थंडाव्याचा आणि माल घट्ट राहण्याचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. द्राक्षं प्री-कूलिंगमधून (भरण्याआधी झटपट थंड करायच्या खोलीतून) नीट थंड होऊन निघाली नाहीत की पेटीच्या आत दव धरतं. पुठ्ठा ओला झाला की मऊ पडतो, खालचे थर दबतात, पॅलेटची उंची बोटभर कमी होते आणि काल घट्ट बसलेली पट्टी आज लोंबते. वर द्राक्षांच्या पेटीत बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइडचा पॅड असतो, तो ओलाव्यानेच काम सुरू करतो. पाणी जास्त झालं की वायू एकदम सुटतो आणि मण्यांवर देठाकडून पांढरे डाग पडतात.

तेव्हा प्रत्येक पॅलेटच्या मधल्या पेटीतल्या एका मण्यात प्रोब टोचा. वरच्या पेटीत टोचून उपयोग नाही, ती सगळ्यात आधी थंड होते. मी ० ते १ अंशाच्या वर असलेलं पॅलेट परत पाठवतो. गेटवर ट्रेलर थांबलाय, एजंट फोनवर ओरडतोय, तरीही. कंटेनरचं मशीन थंड माल थंड ठेवायला असतं, गरम माल थंड करायला नाही.

भरताना दार उघडं असेल तर मशीन बंद ठेवा. चालू ठेवलं तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो. कंटेनर आधीच थंड करून ठेवायची चूकही याच जातीची आहे. डॉकला कोल्ड स्टोअरशी जोडणारा बंद बोगदा नसेल तर थंड भिंतींवर लगेच पाणी सुटतं.

५. मांडणी: एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला ९

आतली रुंदी साधारण २.२९ मीटर. एक पॅलेट आडवं, एक उभं असं ठेवलं तर १.२ अधिक १, म्हणजे २.२ मीटर होतात आणि नऊ सेंटिमीटर उरतात. आतली लांबी ११.५८ मीटर. ज्या ओळीत पॅलेटची एक मीटरची बाजू लांबीकडे येते त्यात ११ बसतात, दुसऱ्या ओळीत ९. झाले २०.

पहिली जोडी आतल्या टोकाला मशीनच्या भिंतीला घट्ट भिडवा. ब्रेकचा जोर याच दिशेने येतो. रस्त्यावरच्या मालासाठी हिशेब असा धरतात की पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर येऊ शकतो आणि बाजूला व मागे ०.५ पट. ६५० किलोचं पॅलेट असेल तर जोरात ब्रेक लागताच ते पुढच्याला ५२० किलोने ढकलतं. मध्ये हातभर जागा असेल तर नुसतं ढकलत नाही, धावत जाऊन आदळतं. म्हणून प्रत्येक पॅलेट पुढच्याला टेकलं पाहिजे. फोर्कलिफ्टवाल्याने हलका धक्का देऊन टेकवायचं, ठोकायचं नाही.

बाजूचे नऊ सेंटिमीटर मी मध्ये घेतो. दोन्ही ओळी भिंतींना टेकवायच्या आणि मधल्या फटीत पोळ्याच्या पुठ्ठ्याचे ठोकळे बसवायचे, वरच्या बाजूला एक, कमरेच्या उंचीला एक. सलग लांब ताव घालून फट अख्खी बंद करू नका. एवढ्या अरुंद फटीत एअरबॅग घालायचा मोह आवरा. फुगताना ती पेट्यांच्या भिंती आत दाबते.

समुद्रावर हा बाजूचा जोर रस्त्यापेक्षा वाईट असतो. कंटेनर भरण्याबद्दलची २०१४ ची आंतरराष्ट्रीय सीटीयू संहिता सगळ्यात खवळलेल्या समुद्रासाठी बाजूचा जोरही ०.८ पट धरायला सांगते. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबर २०२३ पासून बऱ्याच लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालणं सुरू केलं. तेव्हा आमचा माल दीड-दोन आठवडे जास्त डोलत गेला आणि पूर्वी "चालून जायचं" ते चालेनासं झालं. मधल्या ठोकळ्यांची सवय मला तेव्हाच लागली.

डेटा लॉगर आतल्या टोकाला एक आणि दाराकडून तिसऱ्या पॅलेटवर एक, डोळ्याच्या उंचीला. चालू केलात का ते दोनदा बघा. त्याचा नंबर आणि पॅलेटचा नंबर पॅकिंग लिस्टवर लिहा.

६. दाराकडची जागा, जिथे मी फसलो होतो

वरच्या हिशेबात ११ च्या ओळीमागे ५८ सेंटिमीटर उरतात आणि ९ च्या ओळीमागे ७८. ही जागा दोन्हीकडून त्रास देते. माल मागे पडतो, आणि इथली टी-जमीन उघडी असल्याने थंड हवा कारंज्यासारखी इथूनच वर निघून जाते.

आधी हवा. जाड पुठ्ठ्याचा ताव उघड्या जमिनीवर अंथरा आणि त्याची आतली कड शेवटच्या पॅलेटवर वर दुमडून स्टेपल करा, पॅलेटची फोर्क घालायची तोंडं झाकली जातील इतपत. त्या तोंडांतूनही हवा बाहेर पळते. ताव दाराच्या बाजूला टी-पट्ट्या संपतात तिथपर्यंतच. त्याच्या पुढे माल जाता कामा नये, नाहीतर दारालगतची हवा फिरत नाही.

मग माल. शेवटची दोन पॅलेट एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी बांधा, एक गुडघ्याच्या आणि एक छातीच्या उंचीला. त्यांच्या आधीच्या जोडीलाही सोबत बांधता आलं तर फार बरं, चार पॅलेटचा गठ्ठा सहजी कलत नाही. नंतर शिक्क्याच्या लाकडाची चौकट करून पॅलेटच्या लाकडापासून दाराच्या बाजूच्या पोलादी खांबांपर्यंत टेकू द्या. टेकू पेट्यांवर येऊ देऊ नका. दाराच्या पानावर सगळा भार टाकणंही चूक, दार उघडणारा माणूस त्याच्या समोरच उभा असतो.

हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात. ट्रेलर लवकर सुटावा म्हणून सगळ्यात आधी याच वीस मिनिटांवर गदा येते.

७. दार, सील, जेनसेट

बंद करण्याआधी आतला फोटो, एक दार बंद करून फोटो, दोन्ही बंद करून सीलच्या नंबरासह फोटो. क्लेमच्या वेळी तुमचा शब्द कोणी धरत नाही, हे तीन फोटो धरतात. बोल्ट सीलचा नंबर शिपिंग बिलाशी ताडून बघा. एका आकड्याच्या चुकीने गाडी गेटवर रात्रभर उभी राहते.

जेनसेट (रस्त्यात मशीनला वीज देणारा डिझेल जनरेटर) लावून मशीन सुरू करा आणि अर्ध्या तासाने परत येणाऱ्या हवेचं तापमान वाचून लिहून ठेवा. डिझेल किती आहे ते ड्रायव्हरच्या तोंडच्या माहितीवर सोडू नका, टाकीत काठी घालून बघा.

८. देशातली रीफर गाडी असेल तर

दिल्ली-कोलकात्याला जाणाऱ्या बहुतेक रीफर गाड्यांत थंड हवा छतावरून येते. कापडी नळीतून ती मागपर्यंत जाते, मागून आणि बाजूने खाली उतरते आणि जमिनीवरून पुढच्या भिंतीच्या तळाकडून मशीनकडे परत जाते. तेव्हा छताजवळ वीतभर जागा, मागच्या दाराजवळ वीतभर जागा आणि पुढच्या भिंतीखालची परतीची वाट मोकळी हवी. क्रेट थेट सपाट जमिनीवर न मांडता पॅलेटवर मांडा. नळीला क्रेट घासून ती फाटली असेल तर सगळी हवा तिथेच पडते.

दाराजवळची जागा इथे पुठ्ठ्याने झाकायची नसते. माल अडवायला लोड बार वापरा, म्हणजे दोन भिंतींच्या मध्ये ताणून बसवायचा दांडा. प्रत्येक ओळीच्या तोंडाला दोन, एक खालच्या तिसऱ्या भागात, एक वरच्या. भिंतीला रेल असेल तर बार तिच्यातच अडकवा. नुसत्या दाबावर बसवलेला बार खड्ड्यांनी सुटतो.

तीन-चार ठिकाणी माल उतरवायचा असेल तर नवखे इथे फसतात. पहिल्या ठिकाणी माल उतरला की उरलेल्यासमोर मोकळं मैदान होतं आणि बार मागेच राहतो. प्रत्येक उतरवणीनंतर बार पुढे आणून लावायचा, हे ड्रायव्हरदादाला निघतानाच हातात बार देऊन दाखवा. फोनवर सांगून ते होत नाही.

९. रस्त्यात

५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, त्याऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. टोलचा खर्च मालकाला आवडत नाही, पण भरलेल्या रीफरसाठी मी तोच रस्ता मागतो.

ड्रायव्हरला निघताना तीन गोष्टी सांगतो. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून डिस्प्ले बघ आणि फोटो पाठव. चहाला थांबलास तरी जेनसेट बंद करू नकोस. आणि कुठेही दार उघडायची वेळ आली तर आधी फक्त उजव्या पानाचे दांडे सोड, दार चार बोटं उघडून आत बघ, पानाच्या समोर नाही तर बाजूला उभा राहून. आत काही टेकलेलं दिसलं तर दार परत लाव आणि मला फोन कर.